देवबागची खाडी आणि गोदाकाठचे पोहणारे

परीक्षा संपल्या की पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात ठरावीक मागण्या सुरू होतात. "डॉक्टर, मालवणला निघालोय, घाटात गाडी लागते, गोळ्या लिहून द्या." कोणी उन्हासाठी मलम मागतो, कोणी मासे बाधतील का विचारतो. पाण्याबद्दल मात्र कोणीच विचारत नाही. एका वडिलांना मीच छेडले, तर ते हसून म्हणाले, "अहो, पोरगा गांधी तलावात पोहायला शिकलाय. त्याला कसली भीती?" मला भीती वाटते ती नेमकी या उत्तराची.

तारकर्लीच्या पुढे देवबाग आहे. वाळूची एक अरुंद पट्टी, एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला समुद्राला समांतर वाहणारी कर्ली नदीची खाडी. खाडीचे पाणी तळ्यासारखे निवांत दिसते, काठावर माड वाकलेले. साहजिकच आईवडील म्हणतात, समुद्रात नको, लाटा मोठ्या आहेत, इकडे डुंबा. गावाच्या टोकाला ही खाडी समुद्राला मिळते. त्या मुखाशी वाळूचा उंचवटा आहे, त्याला हल्ली त्सुनामी बेट म्हणतात. होडीने तिथे जाऊन लोक पाण्यात उतरतात.

आपली गोदावरी एकाच दिशेने वाहते आणि रागावली की आधी सांगते. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आले, यावरून नाशिककराला पुराचा अंदाज येतो. खाडी असे काही सांगत नाही. तिथे साधारण सहा तास पाणी आत येते आणि सहा तास बाहेर जाते. ओहोटीला आत साठलेले सगळे पाणी अरुंद मुखातून समुद्राकडे धावते. वर लाट नसते, गढूळपणा नसतो, पण खालची ओढ अशी की पट्टीचा पोहणारासुद्धा हातपाय मारून जागच्या जागी राहतो. तळाची वाळूही सरकत असते. काल गुडघाभर पाणी होते तिथे आज खड्डा असू शकतो.

ओहोटी केव्हा, हे ओळखायला कोकणात जुना हिशेब आहे आणि पंचांग तर पंचवटीत घरोघर असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, पौर्णिमा-अमावस्येला सव्वा अकराला. हा हिशेब ढोबळ आहे, तासाभराचा फरक धरावा आणि शेवटचा शब्द तिथल्या नावाड्याचा मानावा. भरतीनंतर दोन-तीन तासांनी ओढ सर्वांत जास्त असते. म्हणजे पौर्णिमेला दुपारी एक ते तीन, सहलीची मंडळी पाण्यात असतात नेमकी तीच वेळ!

उघड्या किनाऱ्यावरही अशी ओढ असते. एप्रिल २०१७ मध्ये मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेले आठ जण बुडाले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला पर्यटकांची नौका उलटून दोघे गेले. होडीत लाइफ जॅकेट नुसते अंगावर टाकू नका, त्याचे सगळे पट्टे आवळून बांधा. फोटोसाठीसुद्धा ते सोडू नका.

ओढीत सापडलात तर काठाकडे सरळ पोहू नका. दमणूक हीच तिथे घात करते. उताणे तरंगा, एक हात वर करा आणि ओढीला आडवे सरकत तिच्याबाहेर पडा. दुसऱ्याला वाचवायला मागोमाग उडी घेणारा बहुधा दुसरा बळी ठरतो. त्याऐवजी दोर, रिकामा कॅन, बूच लावलेल्या रिकाम्या बाटल्यांची पिशवी, काय हाताशी असेल ते फेका. आणखी एक, बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. श्वास घेण्याच्या धडपडीत त्याला आवाज काढता येत नाही. मान मागे टाकलेली, तोंड पाण्याच्या पातळीला, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असलेले. मिनिटाभरात तो दिसेनासा होतो. मुले पाण्यात असताना एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे पाहत बसावे, मोबाइल खिशात ठेवून.

बाहेर काढल्यावर आपल्याकडे जे चालते ते पाहून जीव कासावीस होतो. पोट दाबतात, उलटे टांगतात, खांद्यावर घेऊन गरगर फिरवतात. पोट दाबले की पोटातले पाणी आणि अन्न घशात येऊन फुप्फुसात शिरते, आणि मोलाची मिनिटे वाया जातात. प्राणवायूवाचून चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते.

खरा उपाय सोपा आहे. उताणे निजवा, हाक मारा. प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा नुसते आचके आहेत, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने लगेच कामाला लागावे. डोके मागे झुकवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि तोंडाला तोंड लावून छाती वर येईल इतपत हवा फुंका, पाच वेळा. हृदयविकाराच्या झटक्यात आधी हृदय थांबते, बुडण्यात आधी प्राणवायू संपतो. म्हणून इथे श्वास पहिला. तोंडाशी फेस आला तरी तो पुसत बसू नका. मग छातीच्या मधोमध तळहातावर तळहात ठेवून, कोपर ताठ ठेवून, पाच सेंटीमीटर खोल दाबा, मिनिटाला १०० ते १२० या गतीने. लहान मुलाला एकाच हाताने, छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्शाइतके दाबायचे. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब. श्वास सुरू होईपर्यंत किंवा मदत येईपर्यंत थांबायचे नाही. दमलात तर दुसऱ्याने हात घालावा.

रुग्ण उठून बसला, चहा मागू लागला, तरी त्याला खोलीवर नेऊ नका. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनीही उमटतो. खोकला थांबत नाही, धाप लागते, माणूस सुस्तावतो. मालवणला ग्रामीण रुग्णालय आहे आणि ओरोसला जिल्हा रुग्णालय. सहा-आठ तास त्याला डॉक्टरांच्या नजरेखाली राहू द्या. परतीची गाडी चुकली तर चुकू दे.