‘४जी’ म्हटलें म्हणजे सारें एकच काय?

खोक्यावर ‘४जी’ छापलें, कीं हातांत धरावयाचा संगणक कोठेंही चालेल, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. ऑस्ट्रेलियांत २०१२ सालीं काय घडलें, तें पाहा. ॲपल कंपनीनें आपला नवा आयपॅड तेथेंही ‘४जी’ म्हणून विकावयास आणिला. त्यांतील मोडेम, म्हणजे रेडिओलहरींवरून संदेश देणारा-घेणारा भाग, ४जीसाठीं ७०० व २१०० मेगाहर्ट्झच्या लहरी ओळखी. टेल्स्ट्रा कंपनीचें ४जी मात्र १८०० वर चाले. यंत्र निर्दोष, टॉवरही निर्दोष, पण दोघांची गांठ पडेना! (३जी चाले, ही गोष्ट निराळी.) ग्राहकांची दिशाभूल झाली म्हणून न्यायालयानें त्याच वर्षीं ॲपलला २२,५०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला.

आपल्याकडे जिओचें ४जी ८५०, १८०० व २३०० मेगाहर्ट्झवर चालतें. त्या कंपनीचें २जी-३जी मुळींच नाहीं. म्हणून परदेशांतून कोणा नातलगानें हौसेनें आणिलेल्या यंत्रांत हे बँड नसतील, तर जिओचें सिम घालूनही तें मुकेंच राहील. ‘सिम बसतें काय?’ हा प्रश्न आम्हांस निरर्थक वाटतो; खांच असली कीं सिम बसतेंच. ‘बँड कोणते?’ हें विचारावें. ५जी हवें असल्यास आणखी एक चौकशी करावी लागते: जिओचें ५जी ४जीच्या आधारावांचून चालतें, आणि ती पद्धति मोडेमास अवगत असावी लागते.