पीडीएफमधील दुवे निकामी का होतात?

शासकीय योजनांची माहिती आज अनेकदा स्लाइडांच्या रूपाने तयार केली जाते व तिची पीडीएफ प्रत गावोगावी पाठविली जाते. तीत अर्जाच्या संकेतस्थळाचा दुवा असतो. तो उघडला नाही, तर अर्जदाराची मुदत हुकण्याचा संभव असतो.

दोष बहुधा रूपांतराच्या पद्धतीत असतो. पीडीएफमधील दुवा म्हणजे अक्षरांवर आखलेला एक अदृश्य आयत. संकेतस्थळाचा पत्ता त्यालाच जोडलेला असतो. ‘प्रिंट’ या आज्ञेने पीडीएफ केल्यास पान कागदावर छापावयाचे असल्याप्रमाणे सामान्यतः केवळ दृश्य भागच उतरतो. निळी, अधोरेखित अक्षरे तशीच दिसतात. पत्ता मात्र गळून पडतो. म्हणून पॉवरपॉइंटमध्ये ‘सेव्ह ॲज’ वा ‘एक्स्पोर्ट’, लिबरऑफिस इम्प्रेसमध्ये ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ आणि गूगल स्लाइड्समध्ये ‘डाउनलोड’ हा मार्ग अनुसरावा.

स्वतःच्या संगणकावरील फाइलीकडे नेणारा दुवा अन्यत्र चालत नाही. तेथे संकेतस्थळाचा पूर्ण पत्ताच द्यावा. प्रत पाठविण्यापूर्वी प्रत्येक दुवा दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. पत्ता अक्षरांतही छापावा, म्हणजे ज्याच्या हाती केवळ कागद पडेल, त्यालाही तो उपयोगी ठरेल.