जुनी गाडी, घरपोच सर्व्हिस: कुठलं काम घ्यायचं?

गंगापूर रोडच्या एखाद्या जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेरी मारा. अजूनही मारुती ८०० सापडेल. तिचं उत्पादन २०१४ मध्येच थांबलं. गाडीला १५ वर्षं झाली की फिटनेस तपासून नोंदणी ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. मालकाला ती विकवत नाही, गॅरेजला न्यायला वेळ नाही. हा तुमचा ग्राहक.

सुरुवात बॅटरीपासून करा. साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४. चालू करूनही आकडा वाढला नाही, तर बेल्ट, वायरिंग, अल्टरनेटर बघा. तेव्हा घाईने नवी बॅटरी विकलीत तर तीही उतरणार, आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचं नाव गाजणार! टर्मिनल साफ करताना आधी निगेटिव्ह वायर काढायची, जोडताना ती शेवटी.

एअर फिल्टर, प्लग, वायपर पार्किंगमध्ये आरामात होतं. ऑइलसुद्धा डिपस्टिकच्या नळीतून पंपाने ओढता येतं, गाडीखाली जायची गरज नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर जायचंच नाही, कितीही पैसे मिळोत. ब्रेकचं काम ओळखीच्या गॅरेजला द्या.

काढलेलं ऑइल कॅनमध्ये भरून परत आणा. ते घातक कचऱ्यात मोडतं, अधिकृत रिसायकलरलाच द्यायचं. त्याचा येण्याजाण्याचा खर्च दर ठरवतानाच धरा.