पाहुणी लवकर आली तेव्हा

कोपरखैरण्यातील आमच्या भाचीची मुलगी 32 आठवड्यांतच जन्मली. वजन अवघे 1400 ग्रॅम. महिनाभर काचेच्या पेटीत काढून ती घरी आली. आनंदाबरोबर भीतीही आली. रुग्णालयात परिचारिका होत्या, यंत्रे होती. घरी आम्हीच होतो.

अशा बाळाच्या अंगावर चरबी कमी, म्हणून ते लवकर गार पडते. त्यावरचा इलाज आईच्या छातीशीच आहे. 1978 साली कोलंबियातील बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांनी लहानग्यांना आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. आई दमली की बाळाचे अब्बा, नानी, फुफी कोणीही बाळाला असे घेऊ शकते. अंगावर चादर ओढली की पर्दाही राहतो.

घरच्या काळजीने काय घडते हे आपल्या गडचिरोलीने जगाला दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळ सांभाळायला शिकवले. तीन वर्षांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी घटले. आज आशाताई घरी येतात त्या याच वाटेने. त्यांना दारातून परत पाठवू नका.

आमच्या घरी अकिका लांबला होता. बाळ घरी येताच मोठ्यांनी सगळ्या नातेवाइकांना बोलवायचे ठरवले. त्या गडबडीत डोळ्यांच्या तपासणीची तारीख हुकणार होती! 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा महिन्याच्या आत तपासावाच लागतो आणि डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा. चुकले तर नजर जाऊ शकते. आम्ही तपासणी आधी केली, अकिका साधेपणाने घरातच केला.

आणखी काही गोष्टी: हात धुतल्याशिवाय बाळाला घेऊ नये. लोबानचा धूर नको. वर्षापर्यंत मध नको. दूध आईचेच; ओढता येत नसेल तर काढून वाटी-चमच्याने पाजावे. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्याव्यात.

बाळ दूध घेईना, हातपाय गार पडले, श्वास मिनिटाला 60 वर गेला, छाती आत ओढली जाऊ लागली, तळवे पिवळे दिसले किंवा झटके आले, तर सकाळची वाट पाहू नये. तसेच निघावे.

बाळ ही अल्लाहची अमानत आहे. दुआ करावी आणि तारखाही पाळाव्यात.