कोस्केनकोर्वाची भट्टी

फिनलंडच्या पश्चिम भागात क्युरोनयोकी नदीच्या काठी कोस्केनकोर्वा नावाचं खेडं आहे. 'कोस्की' म्हणजे नदीचा खळाळ आणि 'कोर्वा' म्हणजे कान. गावाच्या नावात मात्र 'कोर्वा'चा अर्थ 'काठ' असा घेतात; म्हणजे हे खळाळाकाठचं गाव. मला विचाराल तर कानच बरा! भोवती सपाट शेतं आणि त्यांत सातू. उन्हाळा इतका आखूड असतो की त्यात भरवशाने पिकेल असं धान्य सातूच.

या सातूपासून दारू गाळणं हा तिथल्या शेतकऱ्याचा जुना घरगुती उद्योग. १८६६ साली कायद्याने घरची भट्टी बंद झाली आणि गाळणी कारखान्यांकडे गेली. पुढे १ जून १९१९ पासून फिनलंडने संपूर्ण दारूबंदीच केली. झालं काय? एस्टोनियातून समुद्रमार्गे स्पिरिटचे डबे येऊ लागले आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'औषध' मिळू लागलं. १९३१च्या अखेरीस जनमत घेतलं, तेव्हा सुमारे ७० टक्के मतं बंदी उठवावी अशी पडली. ५ एप्रिल १९३२ रोजी सकाळी दहा वाजता दुकानं उघडली. पण दुकानं कुणाची? सरकारचीच. दारू गाळायची, विकायची आणि लोकांनी ती कमी प्यावी हेही पाहायचं, अशी तिन्ही कामं 'अल्को' या एकाच सरकारी कंपनीकडे आली. कोस्केनकोर्वाची गोष्ट कळायची तर हा पेच ध्यानात ठेवायला हवा.

गावातला कारखाना १९३८ सालचा. त्याच्या नावाची 'कोस्केनकोर्वा वीना' मात्र १९५३ मध्ये बाजारात आली. 'वीना' म्हणजे साधी दारू. लोक लाडाने 'कोस्सू' म्हणतात. त्या काळी अल्कोच्या दुकानात बाटली घ्यायची तर नावाचं कार्ड लागे. कोण किती नेतो यावर नजर असे आणि फार नेणाऱ्याच्या घरी चौकशीला माणूसही जाई. रेशन कार्डावर रांगा लावलेल्या आपल्या पिढीला हे चित्र परकं वाटू नये.

आता ही गाळणी कशी होते? सातूचं टरफल काढून दळतात. पिठातल्या स्टार्चची साखर होते, यीस्ट त्या साखरेचं मद्य करतं. मग उंच स्तंभांमधून वाफ पुन्हा पुन्हा चढते, निवते आणि सुमारे ९६ टक्के शुद्ध स्पिरिट हाती येतं. ते बाटलीत भरलं जातं ते गावात नव्हे. तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर असलेल्या राजामाकीला ते जातं. तिथल्या झऱ्याचं पाणी त्यात मिसळतात आणि किंचित साखर घालतात. १९३९-४०च्या युद्धात याच राजामाकीत रशियन रणगाड्यांवर फेकायच्या पेटत्या बाटल्या लाखोंनी भरल्या गेल्या होत्या.

जाता जाता शब्दांविषयी. 'अल्कोहोल' हा मुळात अरबी 'अल-कुहुल', म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. पुढे कोणतीही बारीक, शुद्ध केलेली वस्तू. आपण ज्याला 'अर्क' म्हणतो, तो अरबीत घाम. गाळणीच्या भांड्याला चिकटणारे थेंब पाहून ज्याने हा शब्द वापरला, तो नक्कीच कवी असणार.

१९९५ मध्ये फिनलंड युरोपीय संघात गेला आणि सरकारची उत्पादनातली मक्तेदारी संपली. कडक मद्याची किरकोळ विक्री मात्र अल्कोकडेच राहिली. कारखाना पुढे आल्टिया कंपनीकडे आणि २०२१ पासून अनोराकडे आला. २००४ मध्ये एस्टोनिया संघात येणार, तिथली स्वस्त दारू लोक गाड्या भरभरून आणणार, या धास्तीने सरकारने मद्यावरचा कर एकदम उतरवला. पिणं वाढलं, दारूने होणारे मृत्यूही वाढले. पुढच्या वर्षांत कर पुन्हा चढवावे लागले. बंदी घातली तरी चोरवाट आणि सैल सोडलं तरी प्रेतं, हे दोन्ही याच देशाने भोगलं आहे.

कारखाना आजही चालू आहे. वर्षाला सुमारे २० कोटी किलो सातू तिथे लागतो, तेव्हा शेतकऱ्याला हक्काचं गिऱ्हाईक आहे. दाण्यातला काही स्टार्च कागदाच्या गिरण्यांना जातो, चोथ्याचं पशुखाद्य होतं आणि टरफलं बॉयलरमध्ये जळतात. २०२० साली करोनात तर इथलं स्पिरिट हात निर्जंतुक करायच्या द्रावणासाठीही गेलं.