खारं पाणी शिरतं कुठून?

समुद्रात आपण किती खोल आहोत, हे यंत्राला कळतं ते दाबावरून. साधारण दर १० मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. २००० मीटरवर एका चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे नखाएवढ्या जागेवर, २०० किलोंहून अधिक भार येतो. तो मोजणाऱ्या सेन्सरचा सगळा जीव धातूच्या एका पातळ पडद्यात असतो. दाबाने पडदा किंचित वाकतो आणि ते वाकणं विजेच्या संकेतात उतरतं. सगळी पंचाईत या पातळपणातच आहे. वाकायचं तर पडदा पातळ हवा, खाऱ्या पाण्याला पुरून उरायचं तर जाड हवा. जाड नळीवर गंजाचा एखादा खड्डा पडला तरी वर्षानुवर्षं निभावतं, पण पडद्याला तेवढा खड्डाही परवडत नाही.

दाबाचा हा आकडा थोडा चुकला तर बिघडतं काय? जगभरच्या समुद्रांत ‘आर्गो’ कार्यक्रमाचे सुमारे ४००० स्वयंचलित फ्लोट तरंगताहेत. आपल्याकडे हे काम हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था पाहते. फ्लोट १००० मीटरवर वाहत राहतो, साधारण दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत उतरतो आणि तापमान, क्षारता व दाब मोजत वर येतो. २००६ साली एका शोधनिबंधाने खळबळ उडवली: समुद्राचे वरचे थर २००३ ते २००५ दरम्यान चक्क थंड झालेत! पुढच्याच वर्षी त्याच शास्त्रज्ञांनी दुरुस्ती दिली. फ्लोटच्या एका तुकडीत तापमानाचे आकडे चुकीच्या दाबाशी, म्हणजेच चुकीच्या खोलीशी जोडले गेले होते. त्यात जहाजांवरून टाकल्या जाणाऱ्या जुन्या उपकरणांच्या त्रुटींची भर पडली होती. या घोटाळ्यात गंजाचा हात नव्हता. पण खोलीचा हिशेब चुकला की तापणारा समुद्र कागदावर थंड होऊ शकतो, हे त्यातून लख्ख दिसलं.

आता गंजाकडे. ‘स्टेनलेस’ या नावावर आपला फार विश्वास. स्वयंपाकघरात तो योग्यच आहे, समुद्रात नाही. स्टेनलेस स्टीलला वाचवतो तो त्यातल्या क्रोमियमचा ऑक्साइडचा पापुद्रा. ओरखडा पडला तरी पाण्यातला ऑक्सिजन घेऊन तो पुन्हा धरतो. उघड्या पृष्ठभागावर म्हणून सगळं ठीक दिसतं. खरी गंमत रबरी ओ-रिंगखाली किंवा स्क्रूच्या डोक्याखाली चालते. तिथल्या केसाएवढ्या फटीत अडकलेल्या पाण्यातला ऑक्सिजन लवकरच संपतो, पापुद्रा सांधला जात नाही आणि धातू विरघळू लागतो. त्याच्या मागोमाग मिठातलं क्लोराइड फटीत ओढलं जातं, आतलं पाणी आम्लधर्मी होतं, आणि आम्लाने गंजाचा वेग आणखी वाढतो. बाहेरचा भलामोठा धड पृष्ठभाग ही सगळी प्रक्रिया त्या चिमुकल्या फटीवर लोटतो, तीही चोवीस तास. मॉलिब्डेनम घातलेलं, ‘सागरी’ म्हणून विकलं जाणारं ३१६ जातीचं स्टीलही साचलेल्या खाऱ्या पाण्यात असं पोखरलं जातं. वरून बघाल तर यंत्र चकचकीत. ओ-रिंग काढली की खाचेत किडलेल्या दातासारखी भोकं.

म्हणून खोल पाण्यातल्या सेन्सरचा पडदा टायटॅनियमचा करतात, किंवा हॅस्टेलॉयसारख्या निकेलच्या मिश्रधातूचा. टायटॅनियमचा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटर जाडीचा, पण क्षणार्धात धरणारा; समुद्राच्या नेहमीच्या तापमानाला क्लोराइडची त्याच्यापुढे डाळ शिजत नाही. तरी एवढ्याने सुटका होत नाही. टायटॅनियमचा सेन्सर ॲल्युमिनियमच्या नळकांड्यात नुसता बसवला, तर खारं पाणी दोघांना जोडून एक विद्युतघट तयार करतं आणि ॲल्युमिनियम झपाट्याने खंगतं. मग मध्ये प्लास्टिकचे वॉशर घालायचे, किंवा पोलादी बोटींच्या तळाला लावतात तसा जस्ताचा तुकडा बळी म्हणून जोडायचा. माझ्या मते धातू निवडणं हा या कामातला सोपा अर्धा भाग आहे. पैसे मोजले की चांगला धातू मिळतो. खरी लढाई दोन वस्तू जिथे भेटतात त्या जागेची, सांध्याची.

सांधे वाचवण्याची एक जुनी युक्ती म्हणजे समुद्राला सेन्सरपर्यंत पोहोचूच न देणं. आईने बरणीतल्या लोणच्यावर तेलाचा थर ठेवावा, तसं इथे सिलिकॉन तेल मध्ये उभं असतं. समुद्राचा दाब टायटॅनियमच्या पडद्यावर येतो, पडदा तो तेलाकडे सोपवतो, तेल आतल्या सिलिकॉनच्या चिपकडे. चिपला मिठाचा कणही दिसत नाही. तेलात हवेचा बुडबुडा मात्र राहता कामा नये. तेल जवळजवळ दबत नाही, हवा दबते. बुडबुडा राहिला की मोजमापावर पाणी फिरलं.

आणि २००९ मध्ये नेमकी ही तेलाची बाजू उघडी पडली. आर्गोच्या बहुसंख्य फ्लोटवर बसणाऱ्या एका प्रकारच्या सेन्सरमधून तेल अगदी सूक्ष्म प्रमाणात गळत होतं. टायटॅनियम शाबूत होतं, खारं पाणीही आत आलं नव्हतं. दोष होता काच आणि धातू यांच्या जोडात. तेल कमी होईल तसतसा आकडा उणेकडे सरकायचा आणि शेवटी सेन्सर भरवशाचा राहायचा नाही. नवे फ्लोट सोडणं काही महिने थांबवावं लागलं.

वास्तविक हा आजार पकडायची सोय फ्लोटमध्येच होती. वर आल्यावर त्याच्यावर पाण्याचा दाब नसतो, म्हणजे आकडा शून्य यायला हवा. जो येईल तो सेन्सरचा दोष. पण काही जुन्या फ्लोटच्या कंट्रोलरला उणे आकडा आला की त्याचा शून्य करून पाठवायची सवय लावलेली होती! रोगी कण्हतोय आणि तक्त्यावर ‘प्रकृती उत्तम’. त्या फ्लोटच्या नोंदींतली चूक आजही पूर्णपणे काढता येत नाही.

उथळ पाण्यात शत्रू बदलतो. बंदरात ठेवलेल्या भरतीमापकाच्या दाबाच्या छिद्रावर आधी बुळबुळीत थर, मग शेवाळ, मग बार्नॅकल बसतात आणि छिद्र बुजतं. त्यावर उपाय तांब्याची जाळी, कारण तांबं पाण्यात सावकाश विरघळतं आणि ते जिवांना मानवत नाही. इथे गंज हाच रक्षक. हे रसायनशास्त्रज्ञ सर हम्फ्री डेव्हीला महागात कळलं. ब्रिटिश युद्धनौकांच्या तळाचा तांब्याचा पत्रा झिजतो म्हणून १८२४ मध्ये त्याने त्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडले. प्रयोगातल्या जहाजांत आपल्या कोचीनला बांधलेलं ‘समारंग’ही होतं. रसायनशास्त्र बिनचूक निघालं, तांबं झिजायचं थांबलं. पण विरघळणं थांबल्याबरोबर जहाजांच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटू लागलं, जहाजं मंदावली आणि नौदलाने उपाय सोडून दिला. आजही तांब्याच्या जाळीला चुकून जस्त भिडलं तर हेच होतं.

त्सुनामीच्या इशाऱ्यासाठी समुद्रतळावर ठेवलेल्या दाबमापकांचं गणित निराळं आहे. तिथे क्वार्ट्झचा स्फटिक कंप पावतो, दाबाने त्याची कंपनसंख्या बदलते आणि हजारो मीटर पाण्याखालून सेंटिमीटरभर उंचीची लाट कळते. असे सेन्सरही वर्षाला काही सेंटिमीटर पाण्याएवढे भरकटतात. त्सुनामीला त्याने फरक पडत नाही, कारण ती लाट मिनिटांत येते आणि जाते. पण हाच सेन्सर तळाच्या जमिनीचं वर्षाकाठी होणारं हळू वर-खाली होणं मोजायला वापरायचा, तर भरकटणं खऱ्या बदलाला सहज झाकून टाकतं. फ्लोटसारखं वर येऊन शून्य तपासायची सोय तळाशी नाही. म्हणून आता काही यंत्रांत झडप बसवतात. ती ठरावीक काळाने सेन्सरला समुद्रापासून तोडून यंत्राच्या आतल्या हवेशी जोडते. तिथला आकडा शेजारच्या बॅरोमीटरशी ताडून पाहायचा आणि पुन्हा समुद्राकडे वळायचं. युक्ती नामी आहे. फक्त झडप म्हटली की हलणारा भाग आला, त्याला सील आलं, आणि सीलच्या एका बाजूला शेकडो वातावरणांचा दाब असताना ते वारंवार उघडायचं आहे.