जून अचानक येत नाही
ठरलेल्या खर्चाची तयारी महिन्याला थोडी थोडी

ताईंनो, आपल्या गटाची वही आपण किती चोख ठेवतो! कोणी बचत भरली, कोणाचा हप्ता राहिला, अंतर्गत कर्जावर व्याज किती आलं, सगळं बैठकीतल्या बैठकीत लिहिलेलं असतं. कोणी तपासायला आलं तरी आपण बिनधास्त वही पुढे करतो. पण घराच्या खर्चाची वही कुठे आहे असं विचारलं, तर बहुतेक जणी डोक्याकडे बोट दाखवतात. त्या डोक्यात आधीच डबे, धुणं, जनावरांचा चारा, उद्याची खुरपणी, मुलांचा अभ्यास आणि सासूबाईंच्या गोळ्या एवढं सगळं भरलेलं असतं. मग पैशाचा हिशोब मागे पडतो आणि गरज दारात येऊन उभी राहिली की आपण कर्जासाठी धावतो.

या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. आपण ज्याला "अचानक खर्च" म्हणतो, त्यातला बराचसा खर्च अचानक नसतोच. तो दरवर्षी ठरलेल्या महिन्यात येतो. त्याची तयारी आधी केली, तर व्याज वाचतं आणि खरोखर अचानक संकट आलं तर कर्ज काढायला जागा राहते.

आधी गटाचं रजिस्टर उघडून बघा

तुमच्या गटाचे मागच्या वर्षीचे कर्जमागणीचे अर्ज काढा. जूनमध्ये किती अर्ज "मुलांच्या शिक्षणासाठी" आहेत? दिवाळीच्या तोंडावर किती? लग्नसराईत आहेर-मानपानासाठी किती? आता एकमेकींना विचारा, यातलं काय आपल्याला आधी माहीत नव्हतं? शाळा जूनमध्ये उघडणार हे तर पहिलीतल्या मुलालाही माहीत असतं.

आजारपण, अपघात, जनावर दगावणं, पीक वाहून जाणं, हे खरे अचानक खर्च. त्यांची तारीख कोणी सांगू शकत नाही. पण वह्या-दप्तर, गौरी-गणपती, दिवाळी, गावची जत्रा, घरपट्टी, पावसाळ्याआधीची ताडपत्री, हे सगळे ठरलेले खर्च. दोन्ही एकाच पोत्यात भरले की दोन्हींसाठी कर्जच काढावं लागतं.

बारा महिन्यांची यादी करा

एक जुनी वही घ्या. बारा महिन्यांची नावं लिहा आणि प्रत्येक महिन्यापुढे तिथला मोठा खर्च. रोजचा किराणा, भाजी, दूध यात धरायचं नाही. पेरणीचा खर्चही वेगळा ठेवा, त्याचा विचार पीककर्जाबरोबर करायचा. समजा, दोन मुलांच्या एका घराची यादी अशी झाली:

- जून: वह्या, दप्तर, चप्पल, शाळेची फी – ५,००० रुपये
- श्रावण-भाद्रपद: राखी, गौरी-गणपती – २,००० रुपये
- दिवाळी: कपडे, फराळाचं सामान – ४,५०० रुपये
- गावची जत्रा, पाहुणेरावळे – २,००० रुपये
- मार्च: घरपट्टी, पाणीपट्टी – १,००० रुपये
- लग्नसराई: आहेर, जाणं-येणं – २,००० रुपये
- मे: छताची डागडुजी, ताडपत्री – १,५०० रुपये

एकूण झाले १८,००० रुपये. बाराने भागलं तर महिन्याला १,५००. आठवड्याच्या बाजाराला मजुरी मिळत असेल तर आठवड्याला साधारण ३५० रुपये. दुधाचं बिल दहा दिवसांनी येत असेल तर प्रत्येक बिलातून ५०० रुपये.

तुमच्या घरचे आकडे वेगळे असतील. आकडा मोठा वाटला तर घाबरून वही मिटू नका. यादी बघताना दोन गोष्टी करा. एक, जिथे सवलत आहे तिथे खर्च कमी करा. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, ती पुन्हा विकत घेऊ नका. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, त्यासाठी शाळेत चौकशी करा. दुसरं, सगळं एकदम जमत नसेल तर पहिल्या वर्षी फक्त एकच खर्च निवडा. जून निवडला तर दहा महिने ५०० रुपये, बस.

ज्या ताईंच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात, त्यांनी त्यातला काही भाग या यादीसाठी बाजूला ठेवायला हरकत नाही. पण पूर्ण भरवसा त्यावर ठेवू नका. सरकारी पैसा मागेपुढे होतो, शाळेची तारीख होत नाही.

हप्ता तोच, फक्त आधी की नंतर?

जूनचे ५,००० रुपये तीन तऱ्हेने उभे राहू शकतात. तिन्हींचा हिशोब मांडू.

पहिली तऱ्हा: ऑगस्टपासून मेपर्यंत दहा महिने ५०० रुपये बाजूला ठेवले. खिशातून गेले ५,००० रुपये.

दुसरी तऱ्हा: जूनमध्ये गटातून ५,००० रुपये घेतले, शेकडा २ रुपये महिना व्याजाने आणि दर महिन्याला ५०० रुपये मुद्दल फेडलं. पहिल्या महिन्यात व्याज १०० रुपये, दुसऱ्या महिन्यात ९०, असं कमी होत दहा महिन्यांत एकूण व्याज ५५० रुपये. गेले ५,५५०. पण हे व्याज आपल्याच गटात राहतं.

तिसरी तऱ्हा: सावकाराकडून शेकडा ५ रुपयांनी उचलले. महिन्याला २५० रुपये नुसतं व्याज. दहा महिन्यांनी २,५०० रुपये देऊन झालेले असतात आणि मुद्दल ५,००० जसंच्या तसं उभं असतं. तोवर पुढचा जून येतो.

पहिल्या दोन तऱ्हांत महिन्याला ५०० रुपये काढावेच लागतात. ते जूनच्या आधी काढले तर बचत आणि नंतर काढले तर कर्जाचा हप्ता. जी ताई दहा महिने हप्ता फेडू शकते, ती दहा महिने बचतही करू शकते. पहिलं वर्ष तेवढं जड जातं, कारण जुना हप्ता आणि नवी बचत दोन्ही चालू असतात. म्हणून सुरुवात लहान रकमेने करा.

पैसे ठेवायचे कुठे?

डाळीच्या डब्यात ठेवलेले पैसे डाळीबरोबरच संपतात. घरात कोणाला तरी गरज लागते आणि नाही म्हणणं जमत नाही. म्हणून पैसा हाताशी नको, पण वेळेला मिळायला हवा.

गटात नियमित बचतीशिवाय ऐच्छिक बचत घेत असतील तर ती सगळ्यात सोपी. बैठकीलाच भरायची, वहीत वेगळ्या रकान्यात लिहायची आणि मेमध्ये काढायची. गटात तशी सोय नसेल तर बैठकीत ठराव मांडा.

बँकेत कमी मुदतीचं आवर्ती खातं म्हणजे आरडी उघडता येतं. मुदत मे महिन्यात संपेल अशी धरा. पोस्टातली आरडी महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, पण तिची मुदत ५ वर्षांची असते. म्हणून ती जूनच्या वह्यांसाठी नाही, पुढच्या शिक्षणासाठी धरावी. मुलगी १० वर्षांच्या आतली असेल तर पोस्टात किंवा बँकेत तिच्या नावाने सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं. वर्षाला कमीत कमी २५० रुपये भरावे लागतात. त्यातला पैसा मुलीच्या शिक्षणासाठी ती १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर काही प्रमाणात काढता येतो. त्यामुळे तिथेही फक्त लांबचा पैसा ठेवायचा.

खातं स्वतःच्या नावावर असू द्या. एटीएमचा पिन आणि मोबाइलवर येणारा ओटीपी कोणालाच सांगू नका, अगदी बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालासुद्धा.

कर्ज घ्यावंच लागलं तर

कर्ज वाईट नाही. शिलाई मशीन, शेळ्या, दुकानाचा माल यासाठी घेतलेलं कर्ज कमाई आणतं. सणासाठी घेतलेलं कर्ज सण संपल्यावरही राहतं. म्हणून कर्जाची ताकद कमाईसाठी आणि संकटासाठी राखून ठेवा.

फायनान्स कंपनीचा माणूस दारात येऊन "फक्त १२ टक्के" म्हणाला, तर एक प्रश्न विचारा: "व्याज फ्लॅट की घटतं?" समजा ३०,००० रुपये २ वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट दराने घेतले. व्याज ७,२०० रुपये होतं आणि महिन्याचा हप्ता १,५५० रुपये. इथे आपण मुद्दल फेडत जातो, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ३०,००० वर लागतं. घटत्या व्याजाच्या हिशोबाने हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणून टक्का ऐकून सही करू नका. एकूण किती रुपये परत द्यायचे ते विचारा आणि लिहून घ्या.

रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम आपल्या बाजूने आहेत, ते माहीत असू द्या. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. सूक्ष्म कर्जाला तारण घेता येत नाही. आपल्याला समजेल अशा भाषेत कर्जाचं कार्ड मिळालं पाहिजे. मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर तगादा लावता येत नाही, शिवीगाळ आणि धमकी तर मुळीच नाही.

आणि एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज काढायची वेळ आली असेल, तर तिथेच थांबा. लाजू नका. गटात बोला, ग्रामसंघात बोला. एकटीने ओढलेलं ओझं वाढत जातं.

खरोखर अचानक येतं त्यासाठी

ठरलेले खर्च मार्गी लागले की संकटासाठी दोन-तीन गोष्टी करून ठेवा.

बँक खात्यातून दोन विमे घेता येतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेला वर्षाला २० रुपये लागतात. वय १८ ते ७०. अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेला वर्षाला ४३६ रुपये लागतात. वय १८ ते ५०. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी २ लाख रुपये, पण नव्याने विमा घेतल्यावर पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यू धरला जातो. नवरा-बायको दोघांचे दोन्ही विमे मिळून वर्षाला ९१२ रुपये, म्हणजे महिन्याला ७६.

हे विमे १ जून ते ३१ मे असे चालतात. मेअखेर खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा बंद पडतो. घरात मात्र सगळ्यांना वाटत असतं की विमा आहे. म्हणून मे महिन्यात खात्यात पैसे ठेवा आणि जूनमध्ये पासबुक भरून हप्ता कापल्याची नोंद बघा. वारस म्हणून कोणाचं नाव आहे तेही बघा आणि त्या माणसाला सांगून ठेवा. माहीतच नसेल तर तो दावा कसा करणार?

मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटा, मग पैशाची जुळवाजुळव करा.

वेळ कुठून काढायचा?

कामावर जाणाऱ्या बाईला रोज हिशोब लिहायला वेळ नसतो, हे खरंच आहे. रोज लिहूही नका. आठवड्यातून एकदा, बाजार करून आल्यावर दहा मिनिटं पुरतात. तीनच ओळी लिहा: किती आले, किती गेले, यादीसाठी किती ठेवले. सातवी-आठवीतली मुलगी किंवा मुलगा असेल तर लिहायचं काम त्यांना द्या. बेरीज-वजाबाकी पक्की होते आणि घरात पैसा कसा येतो-जातो हेही कळतं. मग सायकल मागणाऱ्या मुलाला नुसतं "पैसे नाहीत" म्हणावं लागत नाही. वही उघडून "महिन्याला ३०० ठेवले तर पुढच्या दिवाळीपर्यंत बघू" असं सांगता येतं. नुसत्या नकारापेक्षा मुलांना हे पटतं.

घरधन्यालाही वही दाखवा. भांडण्यासाठी नाही, यादी दोघांची आहे म्हणून. आहेर किती द्यायचा, जत्रेला किती जेवणं घालायची, हे आधीच दोघांनी ठरवलं तर ऐनवेळी इज्जतीचा प्रश्न होत नाही.

पुढच्या बैठकीत एवढं करा

१. प्रत्येकीने आपली बारा महिन्यांची यादी करून आणायची. लिहिता येत नसेल तिला सचिव ताईने मदत करायची.
२. प्रत्येकीने एक खर्च निवडायचा आणि तो महिन्याला किती पडतो ते काढायचं.
३. ऐच्छिक बचतीचा ठराव घ्यायचा आणि वहीत वेगळा रकाना आखायचा.
४. कोणाचे दोन्ही विमे चालू आहेत ते पासबुक बघून नोंदवायचं. अडलं तर बँक सखीला बोलवायचं.
५. मे महिन्याच्या बैठकीत बघायचं की यंदा जूनसाठी किती जणींना कर्ज लागत नाही.

पाचवा आकडा ग्रामसंघाच्या बैठकीत जरूर सांगा. दहा जणींच्या गटात पहिल्या वर्षी तीन जणींना जमलं तरी त्या तिघींचं व्याज वाचलं. शिवाय त्यांच्या वाटचा गटातला पैसा एखादीच्या शेळ्यांसाठी, नाहीतर एखादीच्या दवाखान्यासाठी मोकळा राहिला.